‘समोरून गाड्या दिसतील अशा बाजूने सायकल चालवा’: हे चुकीचे आहे

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर पहाटे सायकल चालवणाऱ्यांसाठी एक सल्ला सध्या मोबाइलवर फिरतोय: उजव्या कडेने, गाड्यांच्या समोरून जा, म्हणजे मागून धडक बसणार नाही. हा नियम पायी चालणाऱ्यांचा. सायकल हे वाहन आहे, ती डावीकडूनच चालवायची.

हिशेब बघा. गाडी ताशी ६० किमीने, सायकल २० ने. एकाच दिशेला असाल तर गाडी तुमच्याजवळ येते ४० च्या वेगाने. समोरासमोर असाल तर ८० च्या. ५० मीटर अंतर असेल तर पहिल्या वेळी साधारण साडेचार सेकंद मिळतात, दुसऱ्या वेळी सव्वादोन. शिवाय पायी माणूस पटकन बाजूला होतो, सायकल तशी आडवी सरकत नाही.

खरा धोका मात्र चौकात. सानपाड्याहून पाम बीचवर डावीकडे वळणारा चालक उजवीकडे पाहतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. तुम्ही त्याच्या डावीकडून उलटे येत असता, तिकडे त्याची नजरच नसते.

मागून येणाऱ्या गाडीची भीती खोटी नाही. त्यासाठी सीटखाली लाल दिवा लावा. सीटला अडकवलेल्या पिशवीने किंवा लांब जॅकेटने तो झाकला जातो, ते तपासा. पुढे पांढरा दिवा. कडेला अगदी चिकटू नका, दोन-अडीच फूट सोडा: गटाराच्या जाळीत बारीक टायर अडकतो आणि ऐनवेळी गाड्यांमध्ये घुसावं लागतं. उभ्या गाड्यांपासून दाराएवढं, म्हणजे मीटरभर तरी अंतर ठेवा. लेन बदलताना आधी मागे पाहा, मग हात दाखवा.