गाडीने मला कॉफी प्यायला सांगितलं

आज सकाळी ताम्हिणी घाटात एका गाडीने मला कळवलं की तुम्ही थकलेल्या दिसता, जरा थांबून कॉफी घ्या. कपाचं चित्रही दाखवलं. वाफेसकट.

मी थकले नव्हते. मला कंटाळा आला होता. हा फरक जिला कळत नाही तिला स्पोर्ट्‌स कार म्हणू नये असं माझं मत आहे, आणि ते आज इथे लिहिल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. म्हातारी म्हणा, खडूस म्हणा, चालेल.

गाडी भाच्याची. ब्रँड लिहीत नाही. एक तर तो रुसेल, आणि दुसरं म्हणजे बाकीच्याही सगळ्या तशाच झाल्यात. दोन दारं, लालभडक, चारशेच्या वर अश्वशक्ती. तेवढ्या पैशांत त्याच्या बापाने कोथरूडात फ्लॅट घेतला होता. पोरगं मनाने इतकं चांगलं की डिलिव्हरी घेतल्यावर पहिल्याच रविवारी दारात हजर. "आत्या, तू चालव. तुला कळतं त्यातलं."

पिरंगुट गाठेपर्यंत निम्मा जीव स्पीडब्रेकरने घेतला. दर वेळी बटण दाबायचं, गाडी नाक वर करणार, मग तिरकं करून चढवायची, आणि मागचा टेम्पोवाला हॉर्नवर बसलेला. पण ते सोडा, तो रस्त्याचा दोष. पौडच्या पुढे जरा मोकळा रस्ता मिळाला. पाय नुसता टेकवला तर ऐंशी, आणि लगेच टिंग. २०१९ पासून आपल्याकडच्या प्रत्येक नव्या गाडीत ही टिंग सक्तीची आहे. एकशेवीसच्या वर गेलात तर थांबतच नाही. नियम चांगला आहे, अल्टोलाही तोच आहे. माझी तक्रार टिंगबद्दल नाहीच. ऐंशीला मला काहीही, म्हणजे अक्षरशः काहीही जाणवत नव्हतं, ही तक्रार आहे. सोफ्यावर बसून टीव्हीवर गाडी बघावी तसं.

आता तुमच्यापैकी अनेकांनी शंभरदा ऐकलेली गोष्ट परत सांगते.

२००८ चा ऑक्टोबर. मी तेव्हा स्टुटगार्टला नोकरीला, एका सत्तरीच्या आजोबांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने. आजोबा बोलायचे कमी, पण कचरा चुकीच्या डब्यात टाकला तर चिठ्ठी लावायचे. खाली गॅरेजमध्ये चादरीखाली त्यांची १९८७ ची पोर्शे ९११, कॅरेरा ३.२. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, टर्बो नाही. २३१ अश्वशक्ती, वजन बाराशे किलोच्या आसपास. एका शनिवारी मी जिन्यावरून तिच्याकडे बघत उभी राहिलेली त्यांनी पाहिलं आणि काही न बोलता किल्ली पुढे केली. एका परक्या बाईला, जिचं जर्मन तेव्हा मंडईपुरतं होतं.

किल्ली स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला लागते. पेडल वरून लोंबत नाहीत, जमिनीतून उगवतात, पायपेटीच्या भात्यासारखी. उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवायला खांद्यातून जोर काढावा लागला. आणि गाडी चालू लागताच तेच स्टिअरिंग हलकं झालं आणि हातात वळवळायला लागलं. डांबराचं ठिगळ आलं की तळहाताला कळायचं. उजव्या चाकाखाली ओली पानं आली की उजव्या हाताला कळायचं. मी मेकॅनिकल इंजिनिअर. स्टिअरिंग फीडबॅक हा शब्द मी तोवर शंभर रिपोर्टांत लिहिला असेल. अर्थ त्या दिवशी कळला.

आज भाच्याच्या गाडीत स्टिअरिंग कुठल्याही वेगाला, कुठल्याही रस्त्यावर तेच. लोण्यात सुरी. का, तर आता स्टिअरिंगला मदत करायला इलेक्ट्रिक मोटर असते. पूर्वीचा हायड्रॉलिक पंप सतत इंजिनवर फिरत राहायचा आणि पेट्रोल खायचा. मोटर लागेल तेव्हाच वीज घेते. शिवाय गाडीला स्वतःहून लेनमध्ये राहायचं असेल तर स्टिअरिंग फिरवायला मोटर हवीच. खुद्द ९११ मध्येही २०११ च्या ९९१ पिढीपासून हीच मोटर आली. ऑफिसातल्या माझ्यासारख्यांनीच हे हिशेब केले, मला माहीत आहे. पेट्रोल वाचतं. मान्य. पण रस्ता आणि हात यांच्यामध्ये एक दुभाषी आणून बसवला आणि तो दुभाषी सभ्य निघाला. शिव्या गाळून सांगतो.

ताम्हिणीत काय झालं ते सांगते, कारण राग खरा त्याचा आहे.

मुळशीचं धरण मागे टाकलं, वळणं सुरू झाली. एका डाव्या वळणात कातळातून झिरपलेलं पाणी रस्त्यावर आलेलं. मी जरा जास्त वेगात होते, पाणी दिसलं आणि पाय ॲक्सिलरेटरवरून पटकन निघाला. वळणाच्या मधोमध. स्पोर्ट्‌स कारमध्ये करायची नाही अशी ही एक नंबरची चूक. आणि झालं काय? काही नाही. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा दोनदा मिचकावला, कुठल्या तरी चाकाला गाडीने आपणहून ब्रेक लावला, आणि आम्ही पुढे. भाचा इन्स्टाग्राम बघत होता. त्याने मान वरसुद्धा केली नाही. आणि त्यानंतर पाचच मिनिटांत तो कॉफीचा कप!

हीच चूक मी २००८ मध्ये केली होती. तंतोतंत हीच.

बाडेन-बाडेनवरून वर चढणारा बी ५०० नावाचा रस्ता आहे, ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावरून जाणारा. आजोबा शेजारी, मांडीवर टोपी. ममेलझेचं तळं यायच्या अलीकडे एक लांबलचक उजवं वळण, दोन्ही बाजूंना झाडी, खाली ओला पाचोळा. मी घाबरून पाय उचलला. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. पाय उचलला की गाडीचा भार पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात आणि मागचं ते सगळं वजन पुढे यायला निघतं. गाडीचं बूड खरोखर फिरलं. समोरच्या काचेत रस्त्याऐवजी झाडं आली. आणि सबंध सकाळ गप्प बसलेले आजोबा शांतपणे म्हणाले, "गास." गॅस दे. सगळं अंग ब्रेक म्हणत असताना मी ॲक्सिलरेटर दाबला, स्टिअरिंग उलटं धरलं, मागचं बूड खाली बसलं आणि गाडी सरळ झाली.

पुढच्या थांब्यावर मी उतरले तर पाय लटपटत होते. आजोबांनी केक मागवला. "आता तुला चालवता येते," एवढंच म्हणाले.

मला त्या दिवशी चूक माझी आहे हे कळलं आणि दुरुस्तीही माझी आहे हे कळलं. आज चूक कुणाची झाली हेच गाडीने मला सांगितलं नाही. लपवली. एखाद्या घरंदाज सुनेने सासूची उसळ खारट झाली तर गुपचूप बटाटा टाकावा तशी. आणि वर कॉफी घ्या!

हो, माहीत आहे. आता तुम्ही लिहिणार की त्या पिवळ्या दिव्याने किती जीव वाचवले. वाचवलेत. जुन्या ९११ टर्बोला विधवा करणारी गाडी म्हणायचे ते उगाच नाही. आजोबा शेजारी नसते तर मी त्या झाडीत गेले असते आणि ही पोस्ट लिहायला कुणी नसतं. झालं समाधान? पुढे.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? खोटेपणाची. भाच्याच्या गाडीत स्पोर्ट मोड लावला की इंजिन गुरगुरतं. छान वाटतं. मग लक्षात येतं की अर्धा आवाज स्पीकरमधून येतोय. हे नवीनही नाही, बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम ५ मध्येच हे सुरू केलं होतं. आता तर ह्युंदाईची आयोनिक ५ एन ही इलेक्ट्रिक गाडी आहे, तिला गिअरबॉक्सच नाही, तरी ती खोटे गिअर टाकते, खोटा झटका देते, इंजिनच्या फेऱ्यांची खोटी कमाल मर्यादा, म्हणजे रेडलाइन, दाखवते. आणि परीक्षण करणारे डोक्यावर घेऊन नाचतात! अहो, नाचता कशाला? लोकांना नेमकं काय हवं होतं ते कंपन्यांना पक्कं माहीत आहे याचाच हा कबुलीजबाब आहे. दिवाळीत फटाक्यांवर बंदी घालायची आणि मग लाउडस्पीकरवर लवंगी माळ वाजवायची.

आणि खरी चीज हवी असेल तर? मिळते की. पोर्शेने २०१३ ची ९११ जीटी३ काढली ती फक्त ऑटोमॅटिक. लोक ओरडले. २०१६ मध्ये हाताने गिअर टाकायची ९११ आर काढली, जगभरात मिळून ९९१ नग. काही महिन्यांत जुन्या बाजारात ती मूळ किमतीच्या कित्येक पटीला विकली जात होती. मग कुठे पुढच्या जीटी३ ला क्लचचं पेडल परत आलं. फॉर्म्युला वनच्या गाड्या डिझाइन करणाऱ्या गॉर्डन मरीची टी.५० आहे, वजन हजार किलोच्या आत, तीन पेडल, बारा सिलिंडरचं व्ही १२ इंजिन. फक्त १०० गाड्या, कोट्यधीशांसाठी. म्हणजे आधी सगळ्यांकडून काढून घ्यायचं आणि मग तेच काचेच्या कपाटात ठेवून दहापट भावाने विकायचं. पिठलं-भाकरीचं झालं तेच. गेल्या महिन्यात एका ठिकाणी थाळीचे साडेचारशे दिले मी.

बरं, माझदाची एमएक्स-५ अजून टनाभरातच आहे, अजून हाताने गिअर टाकायची आहे, अजून गोड आहे. टोयोटाची जीआर यारिसही, जरा जड असली तरी. कबूल. आपल्याकडे दोन्ही मिळत नाहीत, विषय संपला.

आकार घ्या. आजोबांची गाडी १६५२ मिलिमीटर रुंद. आजची ९११ आहे १८५२. जवळजवळ वीतभर वाढली, आणि रस्ते तेवढेच राहिले. ताम्हिणीत समोरून एसटी आली की आजोबांच्या गाडीला आपल्या लेनमध्ये इकडे-तिकडे व्हायला जागा उरली असती, वळण कुठून कापायचं हे मला ठरवता आलं असतं. भाच्याची गाडी लेनमध्ये मावते, एवढंच. ठरवायला काही उरतच नाही. मागच्या टायरची रुंदी तीनशे मिलिमीटरच्या घरात. इतकी पकड की ती सुटेपर्यंत तुम्ही तुरुंगात जायच्या वेगाला पोचलेले असता. बी ५०० वर सत्तरला मला घाम फुटला होता. सत्तरला! मजा कायद्याच्या आत होती. आता ती कायद्याच्या बाहेर नेऊन ठेवली आहे आणि मग म्हणायचं ट्रॅकवर जा. दर रविवारी ट्रॅकवर जाऊ? पोहे खाऊन?

आपल्या गोव्यात सॅन स्टॉर्म बनायची, आठवते का कुणाला? बाराशे सीसीच्याही आतलं रेनोचं इंजिन, साठ अश्वशक्ती, फायबरची बॉडी, दोनच सीट, उघडं छप्पर. तिला स्पोर्ट्‌स कार म्हटलं की आमच्या ऑफिसात हशा पिकायचा. मीही हसायचे. आज नसते हसले.

चहा करून आले. जरा शांत झाले आहे.

लिहिता लिहिता जाणवतंय की भाच्याच्या आनंदावर मी सकाळपासून पाणी ओततेय. परत येताना तो चालवत होता. चेहरा असा, जसा चौथीत पहिली गिअरची सायकल मिळाल्यावर होता. बोगद्यात काच खाली करून तो स्पीकरचा का होईना आवाज ऐकत होता. त्याला कंटाळा आला नव्हता. माझी वहिनी तो गाडी घेऊन बाहेर पडला की देवापुढे दिवा लावते. त्या दिव्यापेक्षा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा जास्त कामाचा आहे हे मी तिला सांगितलेलं नाही, पण आहे.

आणि आजोबा. त्यांची गोष्ट मी नेहमी केकपाशी थांबवते. २०११ मध्ये मी पुण्याला परतायच्या आधी त्यांची नजर गेली होती, म्हणजे गाडी चालवण्याइतकी उरली नव्हती. लायसन्स त्यांनी स्वतःहून परत केलं. गाडी विकली नाही. दर शनिवारी सकाळी गॅरेजचं दार उघडायचे, आत बसायचे, डाव्या हाताने किल्ली फिरवायचे आणि इंजिन तापेपर्यंत स्टिअरिंग धरून बसायचे. वरच्या मजल्यावर माझ्या खोलीची फरशी थरथरायची. पंधरा मिनिटं. मग बंद. चादर. कचऱ्याच्या डब्यांची तपासणी.

भाच्याची गाडी वीस वर्षांनी कुणी अशी नुसती चालू करून बसेल का? स्क्रीनचं सॉफ्टवेअर तरी अपडेट होत असेल का तोवर? २०२४ च्या ९११ मधून तर इंजिनचे फेरे दाखवणारा मधला काट्याचा टॅकोमीटर गेला, फिरवून चालू करायची मूठ गेली. बटण आलं. डावीकडेच ठेवलंय म्हणे, परंपरा म्हणून. मिक्सरलाही बटणच असतं.

आत्ता हे टाइप करत असताना त्याचा मेसेज आला. त्या वळणात त्याचं लक्ष होतं म्हणे. इन्स्टाग्राममधून डोळ्याच्या कोपऱ्यातून दिवा पाहिला होता कार्ट्याने. "आत्या, तो पिवळा दिवा बंद कसा करतात गं? मला पण तुझ्यासारखं शिकायचंय."

स्क्रीनमध्ये तीन पायऱ्या आत आहे ते. मला माहीत आहे. अजून उत्तर दिलेलं नाही.