कृष्णामाईला किती वेळा कोपायला लावणार?

सांगलीत पावसाळा आला की माझ्याकडे तपासायला येणाऱ्या दर दुसऱ्या लेखात ‘कृष्णामाई कोपली’ हे वाक्य असतेच, आणि आता ते वाचवत नाही. चेतनगुणोक्ती हा फार सुंदर अलंकार आहे. निर्जीव वस्तूला माणसासारखे वागायला लावून कवी ती आपल्याला नव्याने दाखवतो. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेलेले ज्याने पाहिले, त्यालाही ‘कोपली’ यापलीकडे शब्द सुचू नये, याची चीड येते. पूर ओसरल्यावर आमच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर गाळाची सरळ रेघ उरली होती आणि भिजलेल्या धान्याचा आंबूस वास कितीतरी दिवस घरातून हलत नव्हता. त्या रेघेबद्दल कोणी लिहीत नाही. वर ‘पाणी जणू अजगरासारखे’ असे लिहून उत्प्रेक्षा आणि उपमा एकाच वाक्यात कोंबतात. अहो, ‘जणू’ आल्यावर ‘सारखे’ कशाला? धरणांतून सोडलेले पाणी, पूररेषेत उभी राहिलेली बांधकामे, हे सगळे त्या एका ‘कोपली’खाली झाकले जाते.