जुन्या गाडीतला केबिन फिल्टर आणि व्हॉट्सअॅपवरचे शहाणपण

फोंडा-डिचोलीकडच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. सार असे: जुन्या गाडीत केबिन फिल्टर, म्हणजे एसीच्या वाटेने आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, बसवून घेऊ नका. गरज असती तर कंपनीनेच दिला असता. फिल्टरने एसी कमी गार होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. आतली हवा आतच फिरवायचे बटण दाबले की धूळ येतच नाही. गोवा म्हणजे दिल्ली नव्हे. आपल्या पावसात फिल्टरला बुरशी धरते. आणि अगदीच हौस असेल तर वायपरखालच्या जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा लावा, फुकटात काम होते. खाली ‘जनहितार्थ’ आणि हात जोडल्याची रांगभर चित्रे.

यातले सगळेच खोटे नाही, म्हणून तर ते पटते. एकेक मुद्दा घेऊ.

‘गरज असती तर कंपनीने दिला असता.’ चालकासाठीची एअरबॅग आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधी विकलेल्या कितीतरी गाड्यांत ती नव्हती, मग तेव्हा डोके आपटत नव्हते का? स्वस्त मॉडेलांना डाव्या बाजूचा आरसाही नसायचा. कंपनी काय देते ते किमतीच्या गणितावर ठरते. केबिन फिल्टरचे तर आणखी गमतीचे आहे. अनेक जुन्या गाड्यांत एसीचा प्लास्टिकचा डबा फिल्टरवाल्या आणि बिनफिल्टरच्या अशा दोन्ही मॉडेलांना एकाच साच्यातून निघालेला असतो. डॅशबोर्डचा डावीकडचा कप्पा दोन्ही बाजूंनी आत दाबून खाली उतरवला की मागे ब्लोअर, म्हणजे हवा आत फेकणारा पंखा, दिसतो आणि त्याच्या शेजारी उभा किंवा आडवा चौकोन. कुठे तो खटक्याच्या झाकणाने बंद असतो, आत नुसती रिकामी खाच. कुठे झाकणच नसते, प्लास्टिकवर कापायची रेघ मात्र उठवलेली असते. म्हणजे जागा कंपनीनेच ठेवली आहे, फक्त फिल्टर दिलेला नाही.

ही रेघ कापताना मात्र घाई नको. पाते जेमतेम प्लास्टिकच्या जाडीएवढेच आत गेले पाहिजे, कारण काही गाड्यांत पलीकडे लगेच हवा गार करणारी कूलिंग कॉइल असते. अॅल्युमिनियमच्या त्या पातळ पत्र्यांना पाते लागले आणि नळीला भोक पडले की गॅस गेला. कापताना पडणारा प्लास्टिकचा भुसा ब्लोअरच्या पंख्यात जाऊ देऊ नये. एकाने कापावे, दुसऱ्याने व्हॅक्यूमची नळी धरावी. कापलेल्या भोकाला बसणारे झाकण आधी विकत घेऊन ठेवावे, नंतर चिकटपट्टी मारत बसण्यात अर्थ नाही. आणि तुमच्या गाडीत खाचही नसेल आणि रेघही नसेल, तर विषय तिथेच सोडा. गॅरेजवाला ‘करू काहीतरी जुगाड’ म्हणाला तरीही.

एसीचा मुद्दा अर्धा खरा आहे. हवेच्या वाटेत काहीही ठेवले की हवा थोडी अडणारच. नव्या फिल्टरने पडणारा फरक ब्लोअरच्या एक-दोन नंबरवर सहसा कळतही नाही, चारवर किंचित कळतो. तुंबलेल्या फिल्टरने मात्र चांगलाच कळतो. पण हा मजकूर लिहिणाऱ्याने एक साधा प्रश्न विचारलेला नाही: फिल्टर नसेल तर ती धूळ जाते कुठे?

ती जाते कूलिंग कॉइलवर. एसी चालू असताना कॉइल ओली असते, कारण हवेतली वाफ तिच्यावर थंड होऊन पाणी होते. थांबलेल्या गाडीखाली जे थेंब टपकतात ते हेच. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत तर ते वर्षभर टपकतात. पत्र्यांमधल्या फटी जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या. ओला पत्रा, बारीक फट आणि त्यावर लाल माती. बिनफिल्टरच्या जुन्या गाडीची कॉइल बाहेर काढलेली कधी पाहा. समोरच्या बाजूला तांबूस, चिकट, नमद्यासारखा थर असतो, त्यात केस, कपड्यांचे तंतू आणि सुकलेल्या पानांचा चुरा. नखाने खरवडला तर सालीसारखा सोलून येतो. हवा अडवायचे काम हा थर कुठल्याही फिल्टरपेक्षा जास्त चोख करतो. फिल्टर पाच मिनिटांत बदलता येतो. ही कॉइल साफ करायला बऱ्याच गाड्यांत पुरा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, गॅस काढून पुन्हा भरावा लागतो. वर, हवा कमी येते म्हटल्यावर पहिले निदान ठरलेले: ‘गॅस कमी झालाय.’ गॅस भरला जातो, पैसे जातात, हवा तेवढीच येते.

कॉम्प्रेसरवरचा ताण ही तर उलटीच गोष्ट. हवा कमी वाहिली की कॉइल लवकर थंड होते आणि थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर लवकर बंद करतो. थर्मोस्टॅट बिघडलेला असेल तर कॉइलवर बर्फ धरेल, हे खरे; पण तो दोष थर्मोस्टॅटचा.

बटणाचे. आतली हवा फिरवायचे बटण धुळीच्या ट्रकमागे अडकल्यावर जरूर दाबावे. पण ते दाबून फोंड्याहून मडगावपर्यंत चार माणसे बंद काचेत बसली की त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो, डोके जड होते, चालकाला पेंग येते. जुन्या गाडीची दाराची रबरे कडक झालेली असतात, बाहेरची हवा बंद करणारी झडप पुरती बसत नाही, त्यामुळे धूळ तशीही शिरतेच. शिवाय पायांना लागून आलेली माती, सीटचे तंतू, हे तर आतच आहे. बहुतेक गाड्यांत फिल्टरची जागा या झडपेच्या पुढे असते, म्हणजे बाहेरची असो की आतली, हवा फिल्टरमधूनच जाते. तेव्हा फिल्टर असेल तर ते बटण खरे उपयोगी: तीच हवा पुन्हा पुन्हा गाळली जाते. फिल्टर नसेल तर तीच धूळ पुन्हा पुन्हा फिरते.

‘गोवा म्हणजे दिल्ली नव्हे.’ मान्य. आपल्याकडे हिवाळ्यातला तो धूर नाही आणि समुद्राचा वारा आहे. पण हे वाक्य लिहिणारा खाणींच्या भागातल्या उसगाव, सावर्डे, कुडचडेला उघड्या काचेने गेलेला दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्टे रद्द झाले आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या, तेव्हा त्या भागातल्या झाडांची पाने पुन्हा हिरवी दिसायला लागली होती. पण आधी काढून ठेवलेल्या मालाची वाहतूक पुढेही होत राहिली आणि २०२४ पासून डिचोलीकडे खाणकाम पुन्हा सुरू झाले. वास्कोत बंदरावरच्या कोळशाची काळी भुकटी खिडक्यांच्या गजांवर बसते, ही तिथल्या लोकांची तक्रार जुनीच आहे. पर्वरीच्या उड्डाणपुलाचे काम सुरू असताना त्या रस्त्याने पणजीला ये-जा करणाऱ्यांना सांगायलाच नको. आणि खुद्द पणजीत, स्मार्ट सिटीच्या खोदकामाची धूळ २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत पोचली. खाण नसलेल्या गावातही जांभ्या मातीचा कच्चा रस्ता असतोच. ही जाडी, तांबडी धूळ साध्या केबिन फिल्टरला उत्तम अडवता येते. बारीक धूर त्याला तितका अडवता येत नाही, म्हणजे खरे तर साध्या फिल्टरला दिल्लीपेक्षा गोव्यातले काम जास्त जमते.

बुरशीचा मुद्दा मात्र बराचसा खरा, आणि मजकुरातला हा एकच मला कामाचा वाटला. उन्हाळाभर धूळ खाल्लेला फिल्टर जूनमध्ये ओलसर झाला की त्याला कुबट वास मारतो. त्यावर उपाय फिल्टर न बसवणे हा नव्हे, कारण तीच बुरशी मग कॉइलवरच्या मातीत वाढते आणि तिथे हात पोचत नाही. उपाय वेळेचा आहे. कंपन्या किलोमीटर किंवा वर्ष असा हिशेब देतात. गोव्यात मी तो मृगाशी बांधीन. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीला बाहेर पडाल तेव्हा जुना काढून नवा घाला. कागदी फिल्टर धुवू नका, गॅरेजातल्या हवेच्या पाइपाने झोडपू नका. धागे फाटतात आणि त्यांच्यावरचा धूळ ओढणारा विद्युतभार जातो. मुक्कामाला पोचायच्या थोडे आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला तर कॉइल सुकते. आधीपासून वास असेल तर आधी कॉइल आणि तिची पाण्याची नळी साफ करून घ्या, मग फिल्टर. बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा.

चारकोलचा फिल्टर थोडा महाग असतो, ट्रकच्या धुराचा वास बराच कमी करतो. पण तो कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. जुन्या गाडीत स्वतःच्याच सायलेन्सरचा धूर आत येत असेल, तर काच उघडा आणि गाडी थेट गॅरेजला न्या.

राहिली मच्छरदाणी. वायपरखालच्या जाळीतून पावसाचे पाणीही जाते आणि खालच्या पन्हळीतून दोन्ही बाजूंनी बाहेर पडते. त्यावर बारीक जाळी ताणली की फणसाची, आंब्याची पाने आणि चिखल तिथेच बसतो, आणि जाळीचा कोपरा सुटून खाली गेला तर पन्हळीचे तोंडच बंद. मग पाणी ब्लोअरच्या वाटेने आत येते, डावीकडचा गालिचा भिजतो, ब्लोअरची मोटर गंजते. तीही तशीच, डाव्या कप्प्याच्या मागून काढावी लागते. सुकी पाने अडवायला जाळी हवीच असेल तर मोठ्या भोकांची, घट्ट बसवलेली लावा, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत काढून ठेवा. लाल धूळ तिच्यातून आरामात जाते.