सुट्टीसाठी बेट निवडताना माजुलीचा विचार करावा

बेटावर सुट्टी घालवायची म्हटले की मराठी घरांत पहिले नाव निघते ते अंदमानचे, आणि सेल्युलर जेलमुळे त्या ओढीला एक भावनिक कारणही आहे. तिथे जरूर जावे. मात्र सहल ठरवताना ‘तिथले आदिवासीही पाहायला मिळतील का’ असे कुणी सहज विचारले की मला ते खटकते. जारवा आणि सेंटिनेली लोकांच्या राखीव क्षेत्रात बाहेरच्यांनी जाऊ नये, असा नियम 1956 पासून आहे आणि तो अत्यंत योग्य आहे. माणसे ही प्रेक्षणीय स्थळे नव्हेत. ज्यांना एखाद्या मूळनिवासी समाजाचे जगणे आस्थेने समजून घ्यायचे आहे, त्यांनी त्या समाजाने आपण होऊन पाहुण्यांना घरात घेतले आहे, अशा ठिकाणी जावे. माझ्या मते आपल्या देशात त्यासाठी आसाममधील माजुलीइतके योग्य बेट दुसरे नाही.

माजुली हे ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील बेट असून 2016 साली त्याला जिल्ह्याचा दर्जा मिळाला. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून माणसे, मोटारसायकली, भाजीच्या पाट्या आणि चारचाकी गाड्या एकाच बोटीत चढतात आणि तासाभरात पलीकडे पोहोचतात. हिवाळ्यात पाणी ओसरलेले असते, मोहरीची शेते पिवळी झालेली असतात आणि पाणथळ जागांवर स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात. नुसत्या डोळ्यांच्या सुखासाठी गेलात तरी निराश होणार नाही, पण तेवढ्यावर थांबू नये.

बेटावरील मोठा समाज मिसिंग लोकांचा आहे. त्यांचे पूर्वज अरुणाचलच्या डोंगरांतून नदीकाठी उतरले. सूर्य आणि चंद्र यांना ते दोन्यी-पोलो म्हणून पूजतात. त्यांचे चांग घर पाहिल्यावर नदीशी जुळवून घेणे म्हणजे काय, हे कोणत्याही भाषणाविना समजते. लाकडी खांबांवर माणसाच्या उंचीइतके उचललेले, बांबूच्या जमिनीचे आणि गवताने शाकारलेले हे घर पुराचे पाणी खालून जाऊ देते. एरवी त्या खालच्या सावलीत डुकरे, कोंबड्या आणि हातमाग असतो. वर गेल्यावर मध्यभागी मेराम म्हणजे चूल असते आणि तिच्यावर टांगलेल्या फळ्यांवर मासे धुरात वाळत असतात. त्या चुलीभोवती बसूनच पाहुण्याला भात, सुक्या माशांचे नामसिंग आणि घरी तांदळापासून केलेली आपोंग वाढली जाते. मद्य न घेणार्‍याने नम्रपणे नकार दिला तर कुणी वाईट वाटून घेत नाही. खाली मागावर बसलेली बाई मात्र पाहुणे आले म्हणून हात थांबवत नाही, कारण ते तिचे रोजचे काम आहे, आपल्यासाठी मांडलेला देखावा नव्हे. आणि माजुलीबद्दल मला सर्वाधिक आदर वाटतो तो याच गोष्टीचा.

म्हणूनच हॉटेल न शोधता मिसिंग कुटुंबांनी चालवलेल्या होमस्टेमध्ये राहावे, आणि कापड विणणार्‍या हातांकडूनच, घासाघीस न करता विकत घ्यावे.

याच बेटावर आसामचे संत शंकरदेव आणि त्यांचे शिष्य माधवदेव यांच्या वैष्णव परंपरेची सत्रे, म्हणजे मठ, आहेत. औनिआटी आणि कमलाबारी ही त्यांतील मोठी नावे. नामसंकीर्तनाची ओढ वारकरी घरांतून आलेल्यांना तिथल्या नामघरात, म्हणजे प्रार्थनागृहात, परकी वाटणार नाही. सत्रीय नृत्याला 2000 साली शास्त्रीय नृत्याचा दर्जा मिळाला, पण सत्रांतील भकत, म्हणजे तिथले साधक, ते त्याआधी कित्येक पिढ्या साधना म्हणूनच करत आले आहेत. सामागुरी सत्रात मुखवटे घडतात. आधी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा विणतात, त्यावर चिकणमातीत भिजवलेले कापड बसवतात, मग माती आणि शेणाच्या मिश्रणाने नाक, भुवया, दात उठवतात. काही मुखवट्यांचा जबडा नटाच्या बोलण्याबरोबर हलतो. या कलेला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

जाण्याचा विचार पुढे ढकलू नये, असे मी आग्रहाने म्हणतो त्याला एक दुःखद कारण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बाराशे चौरस किलोमीटरांहून मोठे असलेले हे बेट आज निम्म्याहूनही कमी उरले आहे. 1950 च्या भूकंपानंतर नदीपात्र गाळाने वर आले आणि काठांची धूप वाढली. गावांना मागे सरकावे लागले, काही सत्रे तर बेट सोडून मुख्य भूमीवर गेली. पर्यटनाने नदी थांबणार नाही, पण जमीन गमावलेल्या घराला विणकामाचे आणि पाहुण्यांचे उत्पन्न मिळते, हा आधार लहान नाही.

पावसाळ्यातील पूर टाळून नोव्हेंबर ते मार्च या काळात जावे. कार्तिक पौर्णिमेच्या रासोत्सवाला गर्दी फार होते, त्यामुळे राहण्याची सोय बरीच आधी करावी लागते. मला विचाराल तर फेब्रुवारीतील आली-आये-लिगांग निवडा. फागुन महिन्याच्या पहिल्या बुधवारी मिसिंग लोक पेरणीचा हा सण करतात, तरुण-तरुणी गुमराग नाचतात आणि पानांत बांधून शिजवलेला भात घरोघरी होतो. त्यानंतरचे काही दिवस नांगर धरणे आणि झाडे तोडणे वर्ज्य असते. पाहुण्यांनीही तेवढे दिवस ते पाळावे, आणि नाचणार्‍यांचे फोटो काढण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.