स्थलांतर शिकायचंय? विषय घरचाच घेऊन या

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि 'दहा हजार तरुण जर्मनीला' ही ओळ मराठी बातम्यांत ठाण मांडून बसली. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक किती गेले, जर्मन कोण शिकवणार, गेलेले परत येणार का, यावर तेव्हापासून बरंच बोललं गेलं. या ये-जा करणाऱ्या माणसांचा अभ्यास करणं, त्यांना हक्कांचा सल्ला देणं, त्यांच्यासाठी धोरण आखणं हासुद्धा एक पेशा आहे आणि त्यात मराठी मुलामुलींना जागा आहे, हे मात्र फारसं कुणी बोललं नाही.

जर्मनीत हा पेशा चांगला रुजलेला आहे. ओस्नाब्र्युक विद्यापीठात स्थलांतर आणि आंतरसांस्कृतिक अभ्यासाची 'इमिस' ही संस्था १९९१ पासून आहे. न्युर्नबर्गमध्ये स्थलांतर आणि निर्वासितांचं संघराज्य कार्यालय, म्हणजे 'बाम्फ', आणि त्याचा स्वतःचा संशोधन विभाग आहे. त्याच शहरात रोजगार संशोधनाची 'आयएबी' आहे. बर्लिनमध्ये २०१७ साली एकात्मता आणि स्थलांतर संशोधनाची 'देझिम' ही संस्था उभी राहिली. ओल्डेनबुर्ग विद्यापीठ युरोप आणि आफ्रिकेतल्या विद्यापीठांबरोबर 'एमिर' हा स्थलांतर अभ्यासाचा दोन वर्षांचा इंग्रजी मास्टर्स चालवतं. त्यासाठी युरोपीय संघाची इरास्मुस मुंडुस शिष्यवृत्ती मिळाली तर महिना १,४०० युरो, २४ महिने. दारं आहेत. पण त्यांचे उंबरे कुठे आणि किती उंच आहेत, हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

पहिला उंबरा गुणांचा. जर्मन विद्यापीठं आपले टक्के एका सूत्राने बदलून घेतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. एक म्हणजे सर्वोत्तम, चार म्हणजे काठावर पास. पास व्हायला ४० लागत असतील, तर ७० टक्क्यांचे २.५ होतात आणि ६० टक्क्यांचे ३.०. अनेक मास्टर्स अभ्यासक्रम २.५ च्या पलीकडचा अर्ज उघडून बघत नाहीत. म्हणजे आपल्याकडे पेढे वाटायला लावणारा फर्स्ट क्लास जर्मनीत दाराबाहेर राहतो. त्यातही गोम अशी की उत्तीर्णतेची मर्यादा ४० ऐवजी ५० धरली गेली, तर त्याच ६० टक्क्यांचे ३.४ होतात. म्हणून विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून उत्तीर्णतेचे किमान गुण आणि श्रेणीपद्धत लिहिलेलं, सही-शिक्क्याचं पत्र आधी मिळवा. ते नसेल तर तपासणारा अंदाजाने आकडा धरतो, आणि तो तुमच्या बाजूचा असेलच असं नाही.

पुढचं कागदपत्रांचं काम तुलनेने सरळ आहे. नोव्हेंबर २०२२ पासून बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याच्या दाखल्याशिवाय, विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, आणि त्याचं शुल्क १८,००० रुपये आहे. अनेक विद्यापीठांचे अर्ज 'युनि-असिस्ट' या अर्ज तपासणाऱ्या सामाईक संस्थेमार्फत जातात: पहिल्याला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. शिष्यवृत्ती नसेल तर गोठवलेल्या खात्यात, ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्गला आपले दहा हजार तरुण हवे आहेत, तेच राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो शुल्क घेतं. शेजारच्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाला फक्त सत्रवर्गणी भरावी लागते. करार करताना हा मुद्दा कुणी टेबलावर ठेवला होता का, हे विचारायला हरकत नाही.

सगळ्यात जास्त माणसं भाषेपाशी अडकतात. इंग्रजी मास्टर्स घेऊन यायचं, दोन वर्षं इंग्रजीतच काढायची, पदवी हातात आल्यावर नोकरीसाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो, आणि मग कळतं की बाम्फमधली जागा, नगरपालिकेच्या एकात्मता कार्यालयातली जागा, सल्लाकेंद्रातली जागा, सगळ्या सी-वन जर्मन मागतात, म्हणजे भाषेच्या सहा पायऱ्यांतली पाचवी. शून्यातून सी-वनला ४५ मिनिटांच्या ८०० ते १,००० तासिका लागतात. ते १८ महिने मग शिकवणीतच जातात. निघण्याआधी बी-वन, म्हणजे तिसरी पायरी, हातात असावी, हा माझा हट्ट समजा.

सल्लाकेंद्रांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण समाजकार्याची पदवी घेतलेल्यांची नजर तिथेच जाते. प्रौढ स्थलांतरितांसाठीची ही सल्लासेवा २००५ पासून सरकारी पैशावर चालते. ती चालवतात कारितास, डियाकोनी, रेड क्रॉस, आवो यांसारख्या कल्याणसंस्था. काम अस्सल आहे: नोटिशीचा अर्थ सांगणं, पदवीच्या मान्यतेचा अर्ज, घरभाड्याचा वाद, मुलाची शाळा. पण जर्मनीत समाजकार्य हा नियमन असलेला पेशा आहे. आपल्या एमएसडब्ल्यूला राज्याची मान्यता वेगळी मिळवावी लागते, आणि कायद्याचे विषय किंवा प्रत्यक्ष कामाचे महिने कमी भरले तर ते इथे पुरे करावे लागतात. शिवाय पैसा दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून येतो. २०२४ च्या मसुद्यात याच सेवेला मोठी कात्री सुचवली होती. गरज वाढते तेव्हाच कात्री बाहेर येते, हे आपल्याकडच्या अंगणवाडी सेविकांना सांगायला नको.

संशोधनात जायचं असेल तर जाहिरातीतली एक ओळ नीट वाचा: 'टीव्ही-एल ई-१३, ६५ टक्के, तीन वर्षं'. टीव्ही-एल हा राज्यांच्या नोकरांचा वेतनकरार, ई-१३ ही त्यातली संशोधकाची वेतनश्रेणी. पूर्ण ई-१३ ची सुरुवात २०२५ मध्ये महिन्याला साधारण ४,६०० युरो होती. तिचे ६५ टक्के म्हणजे तीन हजार, आणि कर-विमा कापून अविवाहिताच्या हातात दोन हजारांच्या आसपास. पगार ६५ टक्के, काम मात्र शंभर टक्के. तीन वर्षांत पीएचडी क्वचितच पुरी होते. २००७ च्या कायद्याने विद्यापीठातल्या मुदती करारांना पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा घातली. तेवढ्यात कायम जागा मिळाली नाही, तर बहुतेकांना बाहेरची वाट धरावी लागते. याविरुद्ध २०२१ मध्ये 'इश बिन हाना' ('मी हाना आहे') या हॅशटॅगखाली हजारो संशोधक बोलले.

जर्मन सहकाऱ्याला करार संपण्याची काळजी असते ती पगाराची, भारतीयाला निवासी परवान्याचीही. २०२५ मध्ये ब्लू कार्डाला, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवासी परवान्याला, वर्षाकाठी ४८,३०० युरोचा पगार लागत होता, सवलतीच्या गटातही जवळपास ४३,८०० चा. ६५ टक्क्यांच्या जागेवर ३६,००० च होतात. अशा वेळी अर्ज करायचा तो कलम १८-डी खालच्या संशोधक परवान्यासाठी, त्याला हा पगाराचा उंबरा नाही. हे माहीत नसल्याने ब्लू कार्डाचा अर्ज करून नकार घेणारे दरवर्षी असतात. जर्मन राजकीय पक्षांशी जोडलेल्या प्रतिष्ठानांकडून पीएचडीची शिष्यवृत्तीही मिळते, पण ती नोकरी नव्हे: पेन्शन आणि बेरोजगारी विम्यात काही जमा होत नाही, आरोग्यविमाही स्वतःच काढावा लागतो.

मग एवढ्या अडचणीत मराठी माणसाकडे असं काय आहे, जे जर्मन उमेदवाराकडे नाही? माझ्या मते, विषय. बीडहून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जाणारी ऊसतोड ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला ब्रांडेनबुर्गच्या शतावरीच्या शेतावर काय विचारायचं ते शिकवावं लागत नाही. तिथे मुकादम आणि उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, मोबदला टनावर, पालात संसार, मुलांची शाळा अर्धी. इथे रुमेनियाचा किंवा पोलंडचा मजूर, बऱ्याचदा त्याच्याच गावचा भरती करणारा माणूस, मोबदला किलोवर मोजलेला, राहण्याचे पैसे पगारातून कापलेले, आणि २४ जूनला हंगाम संपला की परत. फरकही मोठे आहेत. इथला मजूर युरोपीय संघाचा नागरिक आहे, किलोचा हिशोब कसाही असो, तासाला किमान वेतन भरावंच लागतं, आणि उचलीचं कर्ज पुढच्या हंगामाला बांधून ठेवत नाही. पण अल्पमुदतीची नोकरी म्हणून ७० दिवसांपर्यंत सामाजिक विमा लागत नसे, आणि कोविडच्या २०२० मध्ये ती सूट ११५ दिवसांवर नेली गेली. ती का, कुणासाठी, हा प्रश्न मराठवाड्यातला विद्यार्थी जास्त टोकदारपणे विचारतो.

क्षेत्रकामातही तेच. मुकादम शेजारी बसलेला असताना घेतलेली मुलाखत वाया जाते. पर्यवेक्षक जवळ असताना रुमेनियन मजूरही तेच उत्तर देतो जे जर्मन शेतकऱ्याला चालेल. मात्र घरचं क्षेत्रकाम इथल्या अर्जात वापरायचं असेल, तर संमतीची नोंद हवी. लेखी शक्य नसेल तर ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तोंडी संमती, त्यात हेतू, जपणूक आणि माघार घेण्याचा हक्क स्पष्ट सांगितलेला. २०१८ पासूनच्या युरोपीय माहितीसंरक्षण नियमांमुळे संमती नसलेली मुलाखत इथल्या प्रकल्पात वापरणं अवघड होतं, मग ती कितीही मोलाची असो. तासाभराच्या मराठी मुलाखतीला लेखन-भाषांतराचे सहा-आठ तास धरा आणि वेळापत्रकात तसे दाखवा. निवडसमितीला त्यावरून कळतं की माणसाने काम केलेलं आहे. सोबत स्टाटा किंवा आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरपैकी एक यायला हवं. जर्मनीतल्या २०१६ पासूनच्या निर्वासित सर्वेक्षणाची माहिती संशोधकांना करार करून मिळते, पण ती हाताळता आली तरच.

आणि इथे मायदेशातली खरी अडचण सुरू होते. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, जागा १२५, उत्पन्नमर्यादा ८ लाख. २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय तीतून वगळले. त्यासाठी परदेशी जायची गरज नाही, साधनं आणि जाणकार भारतातच आहेत, असा युक्तिवाद. ऊसतोडीला जाणारी घरं बव्हंशी याच गटांतली आहेत. म्हणजे ज्या मुलीला कोयत्याची माहिती आईकडून मिळाली, तिला तो विषय सोडून दुसरा घ्यायला सांगायचं, आणि वर शतावरीवर लिहिणाऱ्या जर्मन विद्यार्थ्याशी तिची स्पर्धा लावायची. साधनं भारतातच आहेत म्हणावं तर केरळ १९९८ पासून स्थलांतराचं स्वतःचं सर्वेक्षण करत आलं आहे, गोव्याने २००८ मध्ये एक केलं. महाराष्ट्रात असं सलग सर्वेक्षण नाही, आणि परप्रांतीयांवरचा आपला सगळा वाद २०११ च्या जनगणनेच्या आकड्यांवर चालतो. गोवंडीची लोकसंख्याविज्ञान संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था (टीआयएसएस) मुंबईतच असताना ही स्थिती आहे.

राहिला संयुक्त राष्ट्रांचा मोह. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने, जिचा भारत २००८ पासून सदस्य आहे, अमेरिकी निधी आटल्यावर २०२५ मध्ये सहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर परिणाम होणारी कपात जाहीर केली. संयुक्त राष्ट्र सचिवालयाच्या इंटर्नशिपला मानधन नाही. पी-२ या सुरुवातीच्या अधिकारी श्रेणीतल्या जागेला मास्टर्सनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या बऱ्याच जागा देणगीदार देश आपल्याच नागरिकांसाठी भरतात. बॉनहून चालणारं संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक दल त्यातल्या त्यात जवळचं दार. पण तिथेही आता कपातीत नोकरी गेलेले, दहा वर्षांच्या अनुभवाचे लोक रांगेत आहेत, तेव्हा त्या एकाच अर्जावर वर्ष घालवू नये.

पुढच्या ऑक्टोबरच्या सत्राला यायचं असेल तर आदल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत गुणपत्रकं, परीक्षा विभागाचं पत्र आणि एपीएसचा अर्ज झालेला असावा. इरास्मुसच्या मुदती साधारण तेव्हापासून जानेवारीपर्यंत संपतात. कारखान्यांचा गाळपही त्याच महिन्यांत सुरू होतो, तेव्हा मुलाखती घ्यायला त्याच हंगामात फडावर जाता येईल.