आधारवरच्या फुल्या

मी रमी खेळत नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण गेल्या मंगळवारपासून अमळनेरातल्या निदान अकरा माणसांचा समज वेगळा झालाय. आणि आमच्याकडे अकरा माणसं म्हणजे दोन दिवसांत सगळं गाव.

बँकेचा मेसेज आला होता, केवायसी करा नाहीतर खातं गोठवू. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, काहीतरी गोठणार ही कल्पना तशी सुखाचीच. पण ते पेन्शनचं खातं. मूळ आधार कार्ड शर्टाच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये जाऊन आलेलं, त्यावर आता माझा फोटो म्हणून एक पांढरा ढग आहे. म्हणून ई-आधार उतरवून घेतलं. तेही मुद्दाम मास्क केलेलं, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि फक्त शेवटचे चार दिसतात. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं सांगितलं होतं, आधारची झेरॉक्स कुणालाही देत बसू नका, मास्कवालं द्या. दोन दिवसांत सरकारनं ती सूचना मागे घेतली. मी भीती मागे घेतली नाही.

रांगेत उभा होतो. पुढे पाच, मागे सहा. नंबर जवळ आला तसं म्हटलं, फाइल उघडून ठेवावी. माझ्या मोबाइलवर भाच्यानं टाकून दिलेलं एक फुकटचं पीडीएफ वाचायचं ॲप होतं. बोट ठेवलं आणि आधारऐवजी सगळा स्क्रीन लालभडक झाला, इस्पिकचे एक्के उडायला लागले आणि एक बाई बँकेच्या पंख्यांच्याही वर आवाज चढवून ओरडली, "बधाई हो! आपने जीते पूरे दस हजार!" आवाज पूर्ण होता, कारण सकाळी मी अभंग ऐकत होतो. बंद करायची फुली कोपऱ्यात तिळाएवढी. माझं बोट काही तिळाएवढं नाही. ते शेजारी पडलं, आणि ती रमी मोबाइलवर उतरायला लागली.

माझ्या मागे एक आप्पा होते. धोतर, टोपी, काखेत नायलॉनची पिशवी. मी त्यांना ओळखत नव्हतो, पण ते मला ओळखत असावेत. अमळनेरात मास्तरची ओळख एकतर्फीच असते.

"मास्तर," आप्पा म्हणाले, "कितला जिकना?"

"आप्पा, ती जाहिरात आहे."

"दस हजार म्हने ना ती बाई."

"खोटं असतं ते."

"खोटं शे ते मंग खेळस काबरं?"

याला उत्तर नाही. तीस वर्षं वर्गात उभा राहिलो, असा प्रश्न एकाही पोरानं विचारला नाही. रांगेतले दोघे-तिघे मान वळवून बघायला लागले. त्यातल्या एकाच्या डोळ्यांत, खोटं कशाला सांगू, सहानुभूती होती. त्याचंही काहीतरी गेलं असावं.

मी म्हटलं, "आप्पा, मी आधार उघडतोय."

"मंग पत्ता कसाले लागतंस आधारले?"

"लागत नाहीत. हे ॲप फुकटचं आहे, म्हणून आधी जाहिरात दाखवतं."

आप्पांनी यावर खरंच विचार केला. मग म्हणाले, "म्हनजे तुना कागद, तुना मोबाइल, आनि उघाडाना आगोदर तमाशा दुसराना."

इतकं सरळ मला सांगता आलं नसतं. पण त्या क्षणी कौतुक सुचत नव्हतं, कारण तमाशा संपून आता पासवर्डची चौकट आली होती. ई-आधारला कुलूप असतं. किल्ली म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं साल. मी दोनदा चुकलो. चष्मा जवळचा की लांबचा, यात माझा नेहमी घोळ होतो. तेवढ्यात माझा नंबर लागला आणि काउंटरवरच्या मॅडमनी मोबाइल हातात घेतला.

"साल सांगा सर जन्माचं."

मी हळूच सांगितलं.

"जोरात सांगा, पंख्याचा आवाज आहे."

"1961!"

मागून आप्पा, "एकसष्ट? मंग केस काया कसा शेत रे तुना?"

आता मला सांगा, हे कसलं कुलूप? माझी निवृत्ती झाली तेव्हा पोरांनी प्रेमानं चौकात फ्लेक्स लावला होता. त्यावर माझं पूर्ण नाव होतं, वय होतं, तारीख होती. वजाबाकी येणारा कुठलाही माणूस माझं आधार उघडू शकला असता. वजाबाकी मीच शिकवलेली.

फाइल उघडली. मॅडमच्या कपाळावर आठी. "हे काय, फुल्या-फुल्या?"

"मास्क केलंय ते. सुरक्षेसाठी."

"सरकारी कागदवर शिव्या लिखेल शेत का?" आप्पांनी मान पुढे काढून विचारलं.

मास्क चालत नाही, पूर्ण आकडे लागतील, मॅडम म्हणाल्या. बरं, पूर्ण आकड्यांचंही होतं माझ्याकडे, तेही उघडलं (पुन्हा बाई, पुन्हा दस हजार, या वेळी आप्पांनी नुसतं "अजून जिकना" म्हटलं). तर मॅडमनी खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "इथे प्रश्नचिन्ह आहे. हिरवी टिक पाहिजे. टिक करून प्रिंट आणा."

डिजिलॉकर दाखवतो म्हटलं. ते 2015 पासून सरकारनंच चालवलेलं आहे, त्यातला जारी झालेला कागद नियमानं मूळ कागदासारखाच धरायचा असतो. मॅडम म्हणाल्या, "असेल सर, पण मला फायलीला लावायला काहीतरी पाहिजे ना." यात त्यांचा दोष नाही, फाइल ही भुकेची वस्तू आहे. तिला मोबाइल खाऊ घालता येत नाही.

मी बाजूला झालो आणि आप्पांचा नंबर लागला. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. नायलॉनच्या पिशवीत खताच्या गोणीच्या आतली प्लॅस्टिकची पिशवी, तिला सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर. त्यात आणखी एक रुमाल, रुमालात आधार. लॅमिनेशन केलेलं, त्यावर परत लॅमिनेशन केलेलं. पाण्यात टाकलं असतं तर तरंगलं असतं. आकडे पूर्ण, फुली नाही, प्रश्नचिन्ह नाही, बाई नाही. काम अडीच मिनिटांत झालं.

जाताना माझ्याजवळ थांबले. "हाई मनं लॉकर," पिशवीवर हात ठेवून म्हणाले. घरी ही पिशवी दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या, कोठीत असते म्हणे, लिंबाच्या पाल्याखाली. "चोरनी हात घाला तरी दादर निंघी, कागद निंघाव नही."

"आणि वाचायचं कसं आप्पा? काय लिहिलंय ते?"

"वाचाले नातू शे. तो जाहिरात दखाडस नही."

मी हसलो. मग ते जरा थांबून म्हणाले, "पन तो पुनाले शे. दिवायीले येस. तवलोंग कागद मुकाट बठस." आणि उन्हात निघून गेले.

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार माझा विद्यार्थी. या गावात कुठल्याही काउंटरमागे माझा विद्यार्थी निघतोच, फक्त बँकेचा सोडून. "सर, व्हॉट्सॲपला टाका," तो म्हणाला. टाकलं. त्यानं ते संगणकावर उघडलं आणि मी त्याचा डेस्कटॉप बघितला. बोरी नदीला पूर आल्यावर पुलाखाली जे जे दिसतं तसं तिथे अर्धा तालुका वाहत होता. लोकांची पॅन कार्डं, जातीचे दाखले, एका मुलीची नीटची गुणपत्रिका, कुणाचा तरी एक्स-रे. त्यात माझं आधार जाऊन बसलं, फुल्या काढलेलं.

त्यानं प्रश्नचिन्हावर राइट क्लिक केलं, कुठल्याशा प्रमाणपत्राला "विश्वासार्ह" ठरवलं, दोनदा ओके म्हटलं, आणि प्रश्नचिन्हाची हिरवी टिक झाली. बारा सेकंद.

"टिकचे वीस, प्रिंटचे पाच."

या वीस रुपयांचं मला अजून वाईट वाटतं. ती टिक म्हणजे खरं तर त्या संगणकानं डिजिटल सही तपासून बघितल्याची खूण. कुणावर विश्वास ठेवायचा ते आधी त्या संगणकाला सांगावं लागतं, सांगितलं नाही तर तो प्रश्नचिन्ह काढतो. प्रामाणिकपणे म्हणतो, मला माहीत नाही. कागदावर छापल्यावर मात्र ती टिक नुसतं चित्र. रंगीत पेन्सिलीनं सातवीतला पोरगा काढेल. मॅडमनी ते चित्र बघितलं, समाधानानं शिक्का मारला. म्हणजे विश्वास ठेवला झेरॉक्सवाल्यानं, पैसे दिले मी, आणि सुरक्षित झाली बँक.

घरी येऊन जेवलो नाही. (शेवभाजी होती, त्यामुळे नंतर जेवलो.) रागाच्या भरात मोबाइल साफ करायला घेतला. पीडीएफ 1993 साली आलं, 2008 पासून ते सगळ्यांसाठी खुलं प्रमाण आहे. नुसतं वाचायला कुणाला एक पैसा द्यावा लागत नाही. मग ही बाई पत्ते घेऊन मधे का येते? ॲपच्या परवानग्या बघितल्या. त्याला माझे संपर्क पाहिजेत, माझं ठिकाण पाहिजे. कागद वाचायला माझा पारोळ्याचा साडू कशाला लागतो? काढून टाकलं. त्याजागी म्युपीडीएफ नावाचं घेतलं. दिसायला सरकारी शाळेच्या भिंतीसारखं, काहीच नाही, पण फाइल उघडते आणि गप्प बसते. गप्प बसणारं सॉफ्टवेअर मिळायला मला वयाची साठी ओलांडावी लागली. कृतिदेव फॉन्टातली जुनी परिपत्रकं मात्र कुणाचंच ऐकत नाहीत. त्या फॉन्टात वरून मराठी दिसतं, आत इंग्रजी अक्षरं असतात. पीडीएफमध्ये ती नीट दिसतात, पण "महारा" एवढंच उचलून दुसरीकडे चिकटवलं की ई-जी-के-जे-के होतं.

मग साठवणीचा प्रश्न. गुगल ड्राइव्हची 15 जीबी भरलेली. बघतो तर माझे कागद त्यात नखाएवढे, बाकी व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधले गुलाब आणि सुप्रभात. आणि मी पूर्वी सेवापुस्तिका ज्या ॲपनं स्कॅन करून ठेवली होती, त्याचं नाव जून 2020 मध्ये सरकारनं बंदी घातलेल्या 59 चिनी ॲपच्या यादीत निघालं. ॲप गेलं, पानं कुठे आहेत देव जाणे. कुणी परदेशात बसून माझी 1994 सालची अर्जित रजा वाचत असेल तर त्याला शुभेच्छा.

नाशिकच्या भाच्यानं फोनवरून क्रिप्टोमेटर टाकायला लावलं. ते फाइलला घरीच कुलूप लावतं आणि मग ड्राइव्हवर पाठवतं, तिथे फाइलचं नावही ओळखू येत नाही. पासवर्ड विसरलात आणि रिकव्हरी कीही नसली, तर मात्र कंपनीसुद्धा उघडून देऊ शकत नाही. हे भाचा गुण म्हणून सांगत होता.

"आणि जन्मसाल टाकू नका मामा."

"ते आता जाहीर आहे," मी म्हटलं.

बायको शेजारी भरताची वांगी भाजत होती. म्हणाली, "तुमच्या फायलीत चोरण्यासारखं आहे तरी काय?" हा अपमान मी वेगळा धरत नाही. तिला म्हटलं, हे तेच गाव आहे जिथे 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि पुढे त्याची विप्रो झाली, देशाला सॉफ्टवेअर आपण दिलं. ती म्हणाली, "तूपच बरं होतं."

पासवर्ड वीस अक्षरांचा केला. दुसऱ्या दिवशी तो आठवेना, म्हणून रिकव्हरी कीवरून नवा केला, आणि या वेळी कागदावर लिहून ठेवला. तो कागद कुठे ठेवलाय ते सांगणार नाही. यंदा दादर चांगली झालीय, एवढंच.

काल बाजारात आप्पा दिसले. गर्दीतून त्यांनी हात वर केला आणि पाच बोटं फिरवून पत्ते पिसल्याची खूण केली. मी मेथीत तोंड घातलं.

आणि आज सकाळी त्या झेरॉक्सच्या नंबरवरून मला एक फाइल आली. उघडली, बाई न येता, मोठ्या समाधानानं. कुणा परक्या माणसाचं पॅन कार्ड आणि कोरा, सही केलेला चेक. ताबडतोब पोराला फोन लावला.

"अरे, हे मला कशाला?"

"चुकून गेलं सर. डिलीट मारून द्या ना तुम्ही." मग मला बरं वाटावं म्हणून, "तुमचं ज्याला गेलं, तोही मारीनच ना."