सातवीचा वर्ग आणि व्हॉट्सअ‍ॅपचा फॉरवर्ड

शाळेने समाजमाध्यमे शिकवण्यासाठी वापरावीत का, या प्रश्नावर नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी चांगलीच जुंपली. सुरुवात केली ती पेठ तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या मित्राने, ज्याला आम्ही सगळे मास्तर म्हणतो. त्याचे म्हणणे असे की, २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पाड्यावरच्या ज्या थोड्या घरांत स्मार्टफोन होता तिथपर्यंत अभ्यास पोहोचला तो व्हॉट्सअ‍ॅपमुळेच, आणि अडचणीत ज्याने हात दिला त्याला आता वर्गाबाहेर ठेवणे योग्य नाही.

वकील मित्राने त्याला तिथेच अडवले. "अरे, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम या दोघांच्याही अटींत किमान वय १३ वर्षे आहे. सहावीतल्या मुलांना तू ग्रुपवर घेणार कसा? शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे."

ग्रुप पालकांच्या फोनवर असतो, हे मास्तरचे उत्तर मला अर्धेच पटले, कारण फोन आईचा असला तरी संध्याकाळी तो मुलाच्याच हातात असतो. आमच्या वर्गमैत्रिणीची मुलगी सातवीत आहे. ही मैत्रीण म्हणाली, "ग्रुपवर शिकवणे येतेच कुठे? येतो तो गृहपाठाचा फोटो, आणि तो बघायला घेतलेला फोन तासभर खाली ठेवला जात नाही."

माझे मत मी तिथे ठामपणे मांडले आणि इथेही मांडतो. गृहपाठ पोहोचवण्याला समाजमाध्यमातून शिकणे म्हणता येत नाही. तिथे जे लिहिले, दाखवले आणि पसरवले जाते ते तपासायला शिकणे, हा मात्र शाळेचाच विषय आहे. पांडवलेणी पांडवांनी वनवासात कोरली, असा मजकूर घ्यावा. तो फळ्यावर लिहून मुलांना विचारावे की हे कोणी सांगितले, त्याला कशावरून कळले आणि आपण कुठे पाहिले तर खात्री होईल. उत्तर शहराच्या दक्षिणेला डोंगरावरच आहे. तिथली २४ लेणी बौद्ध आहेत, आणि ती कोणी दान दिली हे ब्राह्मी लिपीतले शिलालेखच सांगतात. तिसऱ्या लेण्यातल्या लेखात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचे दान नोंदवलेले आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे. बँकेत असलेला आमचा मित्र इथे एकदम पुढे सरसावला: उषवदाताने जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, दोन हजार आणि एक हजार कार्षापणे (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवली होती, पहिल्या ठेवीवर दरमहा शेकडा एक आणि दुसरीवर पाऊण असे व्याज ठरले होते, आणि भिक्षूंचा खर्च त्या व्याजातून भागवायचा होता. वार्षिक व्याज काढण्याचे गणितही त्याच तासाला होईल, असे तो म्हणाला. एका खोट्या ओळीचा माग काढताना मुले इथवर पोहोचत असतील, तर त्या ओळीने शिकवलेच म्हणायचे.

मास्तरची शंका रास्त होती. अभ्यासक्रम संपवायचा असताना असे तास काढायचे कुठून, आणि पेठमध्ये नेटवर्कचा भरवसा काय? त्यावर मैत्रिणीने सुचवले की, मजकूर कागदावर छापून न्यावा आणि पडताळणी आधी पाठ्यपुस्तक व शाळेतल्या ग्रंथालयापासून करावी. त्यामुळे वकिलाचा वयाचा आक्षेपही उरत नाही. मुलांनी स्वतःच्या नावाने व्हिडिओ टाकण्याला मात्र त्याचा विरोध कायम राहिला, आणि त्यात मी त्याच्या बाजूने आहे.

खरा पेच मैत्रिणीने शेवटी मांडला. शाळेत तपासायला शिकलेले मूल घरी जाऊन आजोबांना म्हणेल, "तुम्ही पाठवलेले खोटे आहे," तेव्हा काय करायचे? वकील म्हणाला, खरे ते सांगायलाच हवे. मैत्रिणीला ते मान्य नव्हते, "आजोबा, हे तुम्हाला कुठून आले?" असे विचारायला आधी शिकवावे, असा तिचा आग्रह होता. मास्तर बराच वेळ ऐकत होता. जूनमध्ये सातवीच्या वर्गापासून सुरुवात करायची आणि पहिला मजकूर गावातल्या कोणत्याही ग्रुपवरचा घ्यायचा नाही, म्हणजे कुठल्याच मुलाच्या घरचे माणूस वर्गात खोटे ठरणार नाही, एवढे त्याने ठरवले.